लोखंडी मुखवटा आणि कागदी मुखवटा

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पैशाविषयी ही म्हण जे सांगते ते खरेच आहे. परंतु सगळी सोंगे आणता येतात हा तिचा पूर्वार्ध मात्र वाटतो तितका सोपा नाही. राजाचे सोंग आणायला जरीचा अंगरखा आणि पुठ्ठ्याचा मुकुट पुरतो. साधूचे सोंग भगव्या वस्त्रावर भागते. दुष्टाचे सोंग मात्र कठीण. ते पाहणाऱ्याला क्षणभर तरी भीती वाटली पाहिजे, आणि ही भीती खोटी आहे हेही त्याला त्याच क्षणी ठाऊक असले पाहिजे. भीती वाटलीच नाही तर सोंग फसले, आणि ती खरोखरीच वाटली तर ते सोंग उरलेच नाही. या अरुंद वाटेवरून चालण्याचा एक छंद अमेरिकेत वाढला आणि तेथून जगभर पसरला. चित्रकथांतील खलनायकाचा पोशाख घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी तयार करावयाचा, हा तो छंद होय.

या छंदाचे मूळ १९३९ सालापर्यंत मागे नेता येते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे तेथे भविष्यकाळातील माणसांचा वेष करून आले. फ्रँक पॉल या चित्रकाराने विज्ञानकथांच्या मासिकांसाठी काढलेली चित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे होती, आणि दोन्ही पोशाख मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवले होते. पुढल्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांतराचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. १९७० मध्ये सॅन डिएगो येथे चित्रकथांचे संमेलन सुरू झाले, आणि विज्ञानकथेतील माणसांच्या जोडीला चित्रकथेतील वीर व खलपुरुषही सदेह हिंडू लागले. १९८० नंतरच्या दशकात जपानी लोकांनी या छंदाला 'कॉस्प्ले' हे आटोपशीर नाव दिले. भारतात अशा प्रकारचे मोठे संमेलन प्रथम दिल्लीला २०११ मध्ये भरले. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद या शहरांतही ते भरू लागले. ज्यांच्या बालपणी घरात इंद्रजाल कॉमिक्स येत असे आणि त्यातला वेताळ पाहून ज्यांनी डोळ्यांवर काळी पट्टी बांधली असेल, त्यांना या छंदाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही.

वीरपुरुषाचा वेष सोडून खलनायकाचा वेष का करावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एका खलनायकाच्या चरित्रातूनच मिळण्याजोगे आहे. त्याचे नाव डॉक्टर डूम. अमेरिकन चित्रकथांतील खलपुरुषांत याचे स्थान फार वरचे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या 'फँटास्टिक फोर' या मालेच्या पाचव्या अंकात, १९६२ साली, तो प्रथम अवतरला. अंगावर पोलादी चिलखत, त्यावर गुडघ्यापर्यंतचा हिरवा अंगरखा, डोक्यावरून पायांपर्यंत आलेला हिरवा झगा, खांद्याशी दोन सोनेरी चकत्या, आणि चेहऱ्यावर रिव्हेट ठोकलेला लोखंडी मुखवटा, असा त्याचा थाट आहे. ज्या दोघांनी हा पोशाख कल्पिला त्यांच्या घरांत कात्री आणि कापड यांना परके कोणी मानीत नव्हते. कर्बी यांचे वडील न्यूयॉर्कमधील कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते, आणि ली यांचे वडील कपडे बेतण्याचे काम करीत. कागदावरचा हा पोशाख पुढे हजारो घरांत खरोखर बेतला जावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

डूमने मुखवटा का चढविला याची हकीकत १९६४ च्या वार्षिक अंकात आली. लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक युरोपीय देशात, भटक्या जमातीत, त्याचा जन्म. बुद्धी असामान्य. त्या बुद्धीच्या बळावर तो अमेरिकेतील विद्यापीठात शिकावयास गेला. तेथे त्याने एक यंत्र रचावयास घेतले. रीड रिचर्ड्स या सहाध्यायाने त्याचे कागद पाहिले आणि गणितात दशांशाची चूक असल्याचे त्याला सांगितले. डूमला ते रुचले नाही. चूक दाखविणाऱ्याला त्याने हाकलून दिले, यंत्र चालू केले, आणि स्फोट झाला. चेहरा विद्रूप झाला, विद्यापीठातून हकालपट्टी झाली. हिंडत हिंडत तो तिबेटातील भिक्षूंपाशी पोहोचला आणि तेथे त्याने चिलखत घडवून घेतले. मुखवटा भट्टीतून निघाला, पण तो निवेपर्यंत थांबण्याचा धीर या गृहस्थाला नव्हता. तापलेलाच मुखवटा त्याने तोंडावर दाबला. पुढचे सारे आयुष्य त्याने आपल्या दुर्दैवाचा दोष रिचर्ड्सच्या माथी मारण्यात घालविले.

या कथेतले मर्म उघड आहे. डूमची शोकांतिका दशांशाच्या चुकीने घडलेली नाही. असली चूक शाळेतला मुलगाही करतो आणि खोडून पुन्हा लिहितो. ती चूक मान्य न करण्याने घडली आहे. ज्याला खोडरबर हातात धरण्याची लाज वाटली, त्याला लोखंड तोंडावर धरावे लागले. आता गंमत अशी की, या अहंकारी माणसाचा पोशाख जो घरी बनवू पाहतो, त्याला पावलोपावली डूमच्या नेमके उलट वागावे लागते. त्याशिवाय पोशाख पुरा होतच नाही.

प्रारंभ मापापासून होतो. झगा अर्धवर्तुळाकार बेतावयाचा. गळ्याचा घेर ४२ सेंटिमीटर धरला, तर त्या अर्धवर्तुळाची त्रिज्या सुमारे १३ सेंटिमीटर येते. खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची १३० सेंटिमीटर असेल तर बाहेरच्या कडेची त्रिज्या १४३ होते. ५८ इंची पन्ह्याचे कापड रुंदीला सुमारे १४७ सेंटिमीटर भरते. म्हणजे तीन मीटर कापडात सबंध झगा मधल्या शिवणीवाचून निघतो. टोपरे, म्हणजे डोक्यावरचा भाग, वेगळा बेतावा लागतो. त्यासाठी आणखी एक मीटर घ्यावे. कापड जाडसर सुती असले तर ते अंगावरून खाली जड पडते आणि चित्रातल्यासारख्या चुण्या धरते; चकाकणारे गुळगुळीत कापड मात्र राजसभेऐवजी लग्नाच्या मांडवाची आठवण करून देते. जाणता माणूस नव्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी हा सारा बेत जुन्या चादरीवर करून पाहतो. गळा उतरतो, एक बाजू लोंबते, पायात कापड अडकते. हे सर्व चादरीवर कळून येते आणि खडूची रेघ बदलता येते. जुनी चादर ही येथे रिचर्ड्सचे काम करते. ती चूक दाखविते, आणि तिच्यावर रागावण्याचे कोणाला कारण पडत नाही.

मुखवट्याचे काम याहून नाजूक आहे. आपल्याकडे गणपती घडविणाऱ्यांच्या हाताखालची शाडूची माती त्याला उत्तम. चेहऱ्याची रुंदी, कपाळापासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि डोळ्यांमधले अंतर मोजून फळीवर मातीचा चेहरा रचावा. तो खऱ्या चेहऱ्याहून बोटभर मोठा हवा. त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, म्हणजे मुखवटा मातीला चिकटत नाही. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून एकावर एक सहा-सात थर द्यावे. एक थर उभा, दुसरा आडवा. प्रत्येक थर सावलीत वाळू द्यावा. उन्हात ठेवला तर तो एका अंगाने आधी आखडतो आणि वाकतो. कागद वाळताना थोडा आकसतोच. त्यामुळे बोटभर जागा न सोडलेला मुखवटा हटकून नाकाला टेकतो, आणि तो बाजूला ठेवून दुसरा करणे भाग पडते. दुसऱ्याची माती पहिल्याच्या अनुभवाने घडविलेली असते. पुरता वाळल्यावर मुखवटा काचकागदाने घासावा, डोळ्यांच्या फटी व तोंडावरची जाळी धारदार सुरीने कापावी, आणि कडेने गोल माथ्याच्या गुंड्या चिकटवून रिव्हेटांचा आभास निर्माण करावा.

हातापायांवरील चिलखतासाठी हल्ली फोमच्या चटया वापरतात. लहान मुले पडून लागू नये म्हणून घरात जमिनीवर अंथरतात, त्याच जातीचा हा पदार्थ. कागदी नमुन्यावरून तो कापावयाचा, गरम हवेच्या झोताने तापवून वाकवावयाचा, आणि निवेपर्यंत त्याच आकारात धरून ठेवावयाचा. जोडण्यासाठी चपला-जोडे दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तो पिवळसर रबरी गोंद लागतो. या गोंदाचा स्वभाव ध्यानात घेण्यासारखा आहे. तो दोन्ही कडांना लावावा लागतो, आणि लावल्याबरोबर कडा जुळवून भागत नाही. पाच-दहा मिनिटे थांबावे. बोट लावले असता ओलावा हाताला लागेनासा झाला की मगच कडा एकमेकींवर टेकवाव्या. एकदा टेकल्या की त्या हलत नाहीत. ज्याने घाई केली त्याचा सांधा उकलतो. ज्याने वाकडे टेकवले त्याला तुकडा नव्याने कापावा लागतो. तापलेला मुखवटा तोंडावर दाबणाऱ्या डूमला हे काम एक दिवसही जमले नसते! गोंदाचा आणि तापलेल्या फोमचा वास आरोग्याला चांगला नाही. म्हणून ही कामे उघड्या गच्चीवर किंवा अंगणात, आणि मुलांनी ती वडीलधाऱ्यांच्या देखत करावी.

रंगाच्या कामात आणखी एक धडा आहे. चंदेरी रंग सरळ लावला तर चिलखत खेळण्यासारखे दिसते. प्रथम काळा रंग द्यावा, त्यावर चंदेरी, आणि शेवटी पाण्यात पातळ केलेला काळा रंग सगळीकडे फासून फडक्याने लगेच पुसून घ्यावा. उंच भाग उजळतात, सांधे आणि खाचा काळ्या राहतात, आणि कागदाला लोखंडाचे वय येते. खरे लोखंड डागांवरून ओळखू येते. पोशाख करताना राहिलेला एखादा ओरखडा किंवा खोक या वेळी उपयोगी पडते, कारण युद्धातून आलेल्या चिलखतावर ती शोभून दिसते. जे दोष लपविण्यात आठवडा गेला असता, तेच रंगाच्या एका हाताने शोभेत जमा होतात.

पोशाख तयार झाला म्हणजे सोंग पुरे झाले असे नव्हे. मुखवट्याच्या आतून जग फारच थोडे दिसते. समोरचे दिसते, पण पायाखालची पायरी आणि बाजूने धावत येणारे मूल दिसत नाही. म्हणून संमेलनाला जाताना बरोबर एक साधा, बिनमुखवट्याचा सोबती असावा. त्याने जिन्यावर हात धरावा, पाणी द्यावे आणि तासाभराने मुखवटा उतरवायला लावावे. तोंडावरची जाळी नुसती रंगवलेली असता कामा नये. ती खरोखर कापलेली असावी, कारण खलनायकालाही श्वास लागतो. कमरेचे पिस्तूल पुठ्ठ्याचे आहे हे पाहताक्षणी कळावे. वाटेत, आगगाडीत वा बसमध्ये, मुखवटा पिशवीतच बरा. आणि एखादे लहान मूल खरोखरीच भ्याले, तर मुखवटा तत्काळ वर करून आतला हसरा चेहरा दाखवावा. त्या वेळी सोंगाची शान राखण्यापेक्षा मुलाचे रडे थांबविणे मोठे.

उलट बाजूनेही काही पथ्य आहे. वेष केलेला मनुष्य ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे. पोशाखातील मुलींच्या अंगाशी लगट करण्याचे, न विचारता छायाचित्रे घेण्याचे प्रकार होऊ लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या संमेलनात २०१४ मध्ये ठिकठिकाणी फलक लावून बजावण्यात आले की वेष करणे म्हणजे संमती देणे नव्हे. दुष्टाचा वेष केलेली मुलगी मुखवट्याआड सभ्य, आणि साध्या कपड्यांतला बघ्या मात्र असभ्य, असा देखावा ज्या समाजात दिसतो, त्याने वेषावरून माणूस ओळखण्याची सवय टाकावी हे उत्तम.

येथे घरातील वडीलधाऱ्यांची एक शंका विचारात घेतली पाहिजे. दुष्टाचा वेष आवडीने, महिनोन्‌महिने खपून करणारा मुलगा दुष्टपणाचेच कौतुक करावयास शिकत नाही काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. परंतु तिचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात दशावतार रंगतो तेव्हा पूर्वरंगात काळ्या वेषातील संकासुर येतो, वेद पळवितो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. जो नट हे सोंग घेतो त्याला गाव दुष्ट समजत नाही; उलट हा असुर बोलू लागला की लोक खदखदा हसतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतील तरुण मंडळी बांबू, गवत आणि कागद यांचा नरकासुर उभा करतात. त्याचे सुळे, त्याच्या मिशा, त्याचे वटारलेले डोळे यांवर ती कितीतरी दिवस मेहनत घेतात, आणि पहाटेपूर्वी स्वतःच त्याला आग लावतात. ज्या हातांनी डोळे रंगविले त्याच हातांनी तो जाळावयाचा, हा त्या विधीचा अर्थ आहे. दुष्टपणाला आकार दिला म्हणजे तो दिसू लागतो. दिसू लागला म्हणजे तो आपल्यापासून वेगळा ठेवता येतो. ज्याला आकार दिला नाही तो मात्र घरातच, नाव नसलेला, वावरत राहतो.

डूमचा पोशाख घरी करणाऱ्याच्या हातूनही काहीसे असेच घडते. चूक मान्य न करणाऱ्या अहंकाराला तो हिरवे कापड आणि चंदेरी रंग यांनी आकार देतो, आणि तो देताना स्वतः मात्र शंभर चुका मान्य करतो. चादरीवरची रेघ पुसतो, नाकाला टेकणारा मुखवटा बाजूला ठेवतो, वाकडा सांधा उकलतो. संमेलनात जो राजासारखा छाती काढून चालतो त्याच्या घरी टोपलीभर फसलेले तुकडे पडलेले असतात. त्या टोपलीची त्याला लाज वाटत नाही; उलट दुसरा कोणी नवशिका भेटला तर तो तिच्यातले तुकडे काढून दाखवितो, कोठे चुकले ते सांगतो. एवढ्या एका गोष्टीपुरता तो डूमच्या राज्याबाहेर उभा असतो.

२०२४ च्या जुलै महिन्यात सॅन डिएगो येथील संमेलनात एक प्रसंग घडला. रंगमंचावर हिरव्या झग्यांतील, मुखवटे चढविलेल्या माणसांचा घोळका उभा होता. त्यांतील एकजण पुढे आला आणि त्याने मुखवटा काढला. तो रॉबर्ट डाउनी हा नट होता. वर्षानुवर्षे पडद्यावर पोलादी चिलखत घालून वीराची भूमिका केलेला तोच मनुष्य आता डूमची भूमिका करणार, असे जाहीर झाले. सभागृहात जल्लोष झाला. वीर आणि खल यांची चिलखते निराळी असली तरी आतला चेहरा एकच असू शकतो, हे त्या क्षणी सर्वांना एकदम दिसले.

डॉक्टर डूमचा मुखवटा लोखंडाचा आहे, आणि चूक मान्य करावयाची नसल्यामुळे तो आतून त्याला जखडून बसला आहे. घरी केलेला मुखवटा कागदाचा असतो. संध्याकाळी त्याची गाठ सोडावी लागते, घाम पुसावा लागतो, आणि कोणीतरी विचारतेच की हनुवटीची कड वाकडी कशी झाली. तेव्हा उत्तर द्यावे लागते की घाई झाली, पुढल्या वेळी नीट करू. एवढे वाक्य डूमला आजवर एकदाही उच्चारता आलेले नाही.